केसाच्या काठावरची रांग

केसाच्या मुळाचा उभा काप सूक्ष्मदर्शकाखाली नीट बसला, की त्यात खालून वर काळ वाचता येतो. तळाशी नुकत्याच विभागून तयार झालेल्या पेशी, त्यांच्यावर वाढत्या, त्याहून वर कडक होत चाललेल्या, आणि शेवटी पूर्ण झालेला निर्जीव केस. शरीरातल्या इतर अवयवांची वाढ अभ्यासायची तर वेगवेगळ्या वयाचे नमुने गोळा करत बसावं लागतं. केसात मात्र सगळे टप्पे चार-पाच मिलिमीटरच्या एका नळीत क्रमाने रचलेले सापडतात. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं या नळीवर काम केलं. तिच्यातही माझी नजर असायची ती पेशींच्या एका पातळ रांगेवर. ही रांग केसाच्या कण्याच्या अगदी बाहेरच्या काठाने वर चढत जाते आणि तिचंच पुढे केसाचं क्युटिकल होतं.

क्युटिकल म्हणजे केसावरचे खवले. प्रत्येक खवला ही एक चपटी झालेली पेशी, जाडी सुमारे अर्धा मायक्रॉन. खवल्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते, म्हणून चिमटीत केस धरून मुळाकडून टोकाकडे बोटं नेली तर गुळगुळीत लागतो आणि उलट नेली तर खरखरीत. माणसाच्या डोक्यावरच्या केसात असे पाच ते दहा थर एकावर एक असतात. मेरिनो मेंढीच्या लोकरीत बहुतेक ठिकाणी एकच. केसाची ताकद आतल्या कॉर्टेक्समध्ये असते हे खरं, पण पाणी, ऊन, कंगवा आणि साबण यांना पहिल्यांदा तोंड देतं ते क्युटिकल. ते झिजलं की केस दुभंगतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने हिशोब केला तर साठ सेंटिमीटर लांब वेणीच्या टोकाचा केस पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर पडलेला असतो. म्हणजे त्या टोकावरचे खवले ज्या जनुकांनी घडवले, त्यांचं काम पाच वर्षांपूर्वीच संपलं. त्यानंतर त्या खवल्यांना दुरुस्त करणारी एकही जिवंत पेशी तिथे नसते. मुळाशी दोन-तीन दिवसांत जे घडतं त्यावर केसाला पाच वर्षं काढायची असतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत काय घडतं हे बघणं हे माझं काम होतं.

केराटिन म्हटलं की बहुतेकांना तो एकच पदार्थ वाटतो. माणसात केराटिनची ५४ चालती जनुकं आहेत. त्यातली ३७ त्वचा, घसा, आतडं अशा ठिकाणच्या अस्तरपेशींसाठी आणि केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणांसाठी. उरलेली १७ खुद्द केसासाठी आणि नखासाठी. ही १७ पुन्हा दोन गटांत विभागलेली. पहिल्या गटातली ११ सतराव्या गुणसूत्रावर, दुसऱ्या गटातली ६ बाराव्या गुणसूत्रावर, आणि दोन्हीकडे ती जवळजवळ, ओळीने बसलेली. केराटिनचा तंतू बनायला दोन्ही गटांतलं एकेक प्रथिन जोडीने यावं लागतं. जोडीदार नसलेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. (पहिल्या गटात बारावंही एक जनुक आहे. चिंपांझी आणि गोरिलामध्ये ते अजून काम करतं. आपल्यात ते सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वी निकामी झालं असा अंदाज आहे. आपला केस त्यांच्या केसाहून एका जनुकाने वेगळा आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.)

यातलं कुठलं जनुक मुळाच्या कुठल्या थरात आणि कुठल्या उंचीवर चालू होतं, याचा पहिला पूर्ण नकाशा हायडलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रात तयार झाला. लुट्झ लांगबाइन, मायकेल रॉजर्स, युर्गेन श्वाइत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पहिल्या गटाचा आणि २००१ साली दुसऱ्या गटाचा कॅटलॉग प्रसिद्ध केला. २००७ मध्ये के-३९ आणि के-४० ही राहिलेली दोन केराटिनं त्यात आली आणि तो पुरा झाला. त्याच्याही आधी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला, जॉर्ज रॉजर्स आणि बॅरी पॉवेल यांच्या प्रयोगशाळेने मेंढीच्या लोकरीवर हेच प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं काम केलं होतं. लोकर हा एकेकाळी त्या देशाचा जीवनाधार, त्यामुळे लोकरीच्या मुळाला तिथे फार आधीपासून मान मिळाला. आमच्या टेबलावर या दोन्ही गटांचे लेख कायम उघडे असत. त्यातल्या आकृत्यांच्या झेरॉक्स प्रती हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या.

आम्हाला हा नकाशा इथल्या नमुन्यांवर पुन्हा बघायचा होता, कारण पुढे रुग्णांच्या केसांकडे वळायचं होतं. निरोगी मुळातली रांग डोळ्यांत पक्की बसल्याशिवाय बिघडलेली रांग ओळखता येत नाही.

इथे पहिली अडचण आली ती आपल्या केसांच्या काळेपणाची. जनुक चालू असलेल्या पेशीत त्याचा संदेश, म्हणजे एमआरएनए, असतो. त्याला नेमका चिकटणारा आरएनएचा तुकडा, ज्याला आम्ही प्रोब म्हणतो, तो कापावर सोडायचा. मग ज्या पेशींत संदेश आहे तिथे जांभळा रंग उमटतो. काळ्या केसाच्या मुळात मेलॅनिन इतकं ठासून भरलेलं असतं की जांभळा कुठला आणि काळा कुठला हेच कळत नाही. मेलॅनिन उडवायच्या पद्धती आहेत, पण त्यात आरएनए खराब व्हायची भीती. क्युटिकलच्या पेशींत सहसा मेलॅनिन नसतं, त्यामुळे काळ्याभोर कॉर्टेक्सच्या कडेने ती रांग स्वच्छ पट्टीसारखी दिसते हे खरं. पण खाली तळाशी, जिथे ती रांग अजून इतर पेशींपासून नीट सुटलेलीच नसते, तिथे काळेपणा सगळं झाकून टाकतो. आणि आम्हाला बघायचा होता तो तळच.

म्हणून आम्ही पांढरे केस मागायला लागलो. पांढऱ्या केसाचं मूळ रंग सोडला तर बाकी सगळी कामं करत असतं. आमच्या इमारतीत साफसफाईपासून सिलिंडर बदलण्यापर्यंत सगळं बघणारे एक मामा होते, निवृत्तीला आलेले. त्यांना मी संमतिपत्र वाचून दाखवलं, कशासाठी हवंय ते सांगितलं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, “मॅडम, दोन-चार केसांनी कुणाच्या लेकराचं भलं होणार असेल तर सगळे घ्या.” चिमट्याने, केस ज्या दिशेने उगवतो त्याच दिशेने, एका झटक्यात ओढला की मूळ आपल्या ओलसर, पारदर्शक आवरणासकट बाहेर येतं. त्यांचे केस अगदी सुबक निघाले. पण उपटलेल्या केसाबरोबर अगदी तळाचा भाग बहुधा येत नाही. केसाला पोसणारा पॅपिला, म्हणजे मुळाच्या पोटातला उतींचा उंचवटा, आणि त्याला लगटून असलेल्या पेशी डोक्यातच राहतात. नकाशाचं पहिलं पान नेमकं तिथे सुटतं.

ते पान मिळालं केसरोपण करणाऱ्या एका डॉक्टरांमुळे. रोपणासाठी डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं काढतात. काही मुळं रोपणाला उपयोगी पडत नाहीत, ती टाकूनच द्यायची असतात. नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घेऊन त्यातली काही आम्हाला मिळू लागली. शस्त्रक्रिया संपली की मी बर्फाचा डबा घेऊन तिथे हजर. आलेल्या मुळांतून तळ शाबूत असलेली आणि पांढऱ्या केसाची मुळं वेगळी करायची. अशी फार थोडी निघत. चाळिशी-पन्नाशीतले मिश्र केसांचे पुरुष आमच्यासाठी सगळ्यात मौल्यवान होते.

काप घेण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरं कसब तिथे आहे. मूळ गोठवून, उणे वीस अंशांवर क्रायोस्टॅटमध्ये, सात-आठ मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. मूळ किंचितही तिरकं बसलं तर पाती एका बाजूच्या क्युटिकलमधून नीट जाते आणि दुसरी बाजू हुकते. पॅपिला मधोमध कापला गेलाय, दोन्ही बाजूंना रांगा सारख्या दिसताहेत, आणि केसाचा कणा खालपासून वरपर्यंत तुटलेला नाही, असा काप सबंध दिवसात एखादा मिळाला तरी संध्याकाळी चालणं हलकं व्हायचं. शिवाय आरएनएला नष्ट करणारी विकरं आपल्या बोटांवर, टेबलावर, श्वासातसुद्धा असतात. हातमोजे, खास पाणी, वेगळ्या पिपेट. त्या खोलीत दुसऱ्या कुणी येऊ नये म्हणून दारावर पाटी होती.

प्रोब बनवायची रीतही समजून घेण्यासारखी आहे. केराटिनची जनुकं एकमेकांची इतकी जवळची नातलग आहेत की प्रथिन घडवणाऱ्या भागावर प्रोब बेतला तर तो शेजारच्या जनुकालाही चिकटतो. पण संदेशाच्या शेवटी एक शेपटी असते, जिच्यातून प्रथिन बनत नाही, आणि ही शेपटी प्रत्येक जनुकाची वेगळी असते. हायडलबर्गच्या गटाने प्रोब या शेपटीवर बेतले होते, आम्हीही तेच केलं. त्यांनी किरणोत्सारी गंधक वापरून, स्लाइडवर छायाचित्रणाचा लेप देऊन, अंधारात दिवसेंदिवस वाट पाहून ते ठिपके मिळवले होते. आम्हाला रंगाची सोय होती, रात्रभरात निकाल दिसायचा.

आणि निकाल दिसला तेव्हाचं दृश्य मी कधी विसरणार नाही. अगदी तळाशी, पॅपिलाच्या भोवती, के-३५ आणि के-८५ ही जोडी सगळ्यात आधी उमटते. ती क्युटिकलच्या रांगेतही असते आणि कॉर्टेक्स होऊ घातलेल्या पेशींतही. केसाची म्हणता येईल अशी पहिली केराटिनं तीच. तिथून थोडं वर गेलं की के-३२ आणि के-८२. ही जोडी फक्त क्युटिकलची. उभ्या कापात केसाच्या दोन्ही काठांना दोन बारीक जांभळ्या रेघा, आणि आडव्या कापात एक पूर्ण, बंद कडं. कड्याच्या आत कॉर्टेक्स पांढरा, बाहेर केसाभोवतीच्या आतल्या आवरणाच्या पेशी पांढऱ्या, मध्ये हे एका पेशीच्या जाडीचं कडं, कुठेही न तुटलेलं. शेजारची पेशी हातभर अंतरावर नाही, भिंतीला भिंत लागून आहे, त्याच तळातून उगवलेली आहे, तिच्यातही तीच सगळी जनुकं आहेत. तरी या पेशीने के-३२ चालू केलं आणि शेजारणीने केलं नाही. जीवशास्त्राची पुस्तकं वर्षानुवर्षं शिकवूनही पेशीचं हे ठरवणं मला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

त्याहून वर, जवळजवळ शेवटच्या टप्प्यात, के-३९ आणि के-४० येतात. ही केसातली सगळ्यात उशिरा येणारी केराटिनं. तोवर पेशी उभ्याच्या तिरक्या आणि तिरक्याच्या चपट्या होत आलेल्या असतात आणि एकीची कड दुसरीवर चढू लागते. आतल्या आवरणालाही स्वतःचं क्युटिकल असतं, त्याचे खवले उलट दिशेला, खाली तोंड करून. दोन्हींचे खवले एकमेकांत अडकतात आणि केस मुळात घट्ट धरला जातो.

संदेश कुठे आहे हे एक, आणि प्रथिन कुठे आहे हे दुसरं. प्रथिन बघायला प्रतिपिंडं वापरतात. संदेश विझल्यावरही प्रथिन पेशीत राहतं, म्हणून प्रतिपिंडाचा रंग वर बराच लांब जातो. आणि मग अचानक तोही विझतो. नवीन आलेले विद्यार्थी इथे हमखास सांगत की प्रथिन संपलं. प्रथिन तिथेच असतं. गंधकाचे बंध जुळून सगळं इतकं घट्ट झालेलं असतं की प्रतिपिंडाला आत शिरायला जागा उरत नाही. रंग नाही म्हणजे वस्तू नाही असं समजू नका, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आले.

क्युटिकलच्या बाबतीत केराटिनांइतकीच महत्त्वाची आणखी एक मंडळी आहे: केराटिनांच्या सोबतीने येणारी, गंधकाने समृद्ध अशी छोटी प्रथिनं, संक्षेपाने केएपी. क्युटिकलमध्ये मुख्यतः त्यांची पाचवी आणि दहावी कुटुंबं. दहाव्या कुटुंबाची जनुकं एकविसाव्या गुणसूत्रावर आहेत, पाचव्याची अकराव्या. केराटिनांची जनुकं चालू झाल्यानंतर, बरंच वर, यांची पाळी येते. ही प्रथिनं पेशीत कणांच्या रूपात साठतात आणि हे कण पेशीच्या बाहेरच्या बाजूलाच जमतात, आतल्या बाजूला नाही. त्यातूनच खवल्याचा कठीण बाह्य थर घडतो. सर्वांत वर, पृष्ठभागावर, १८-मिथाइलआयकोसॅनॉइक आम्ल नावाचं एक चरबीचं आम्ल गंधकाच्या बंधाने जडलेलं असतं. निरोगी केस पाणी झटकतो ते त्याच्यामुळे. मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात आजारात शरीराला हे आम्ल बनवता येत नाही, आणि त्या मुलांच्या केसाचं क्युटिकलही नीट घडत नाही.

एक गोष्ट मात्र मला कायम छळत राहिली. कॉर्टेक्सच्या पेशीत केराटिनचे तंतू शिस्तीने, समांतर, दाट भरलेले दिसतात. पूर्ण झालेल्या क्युटिकलच्या पेशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तशी रचना दिसत नाही. मग ही पेशी इतक्या आधीपासून, इतक्या क्रमाने, स्वतःची खास जोडी राखून केराटिन का बनवते? माझं मत असं झालं आहे की वर जाताना चपटं होणं, तिरकं होणं, शेजारणीवर चढणं, हा आकार बदलण्याचा काळ निभवायला तिला तो आधार लागतो, आणि नंतर गंधकाची प्रथिनं तिचा ताबा घेतात. हे मत आहे. पण रांगेतल्या पेशींचा आकार नेमका त्या उंचीवर बदलताना मी इतक्या वेळा पाहिला आहे की ते सोडवत नाही.

हा क्रम लावतं कोण? अनेकांचा हात आहे, पण आमच्या कामात वारंवार समोर आलं ते हॉक्ससी-१३ हे नियंत्रक प्रथिन. १९९८ साली गॉडविन आणि मारिओ कापेकी यांनी हे जनुक बिघडवलेले उंदीर तयार केले. त्यांचे केस तुटून अंग उघडं पडलं आणि नखंही बिघडली. २००२ साली हायडलबर्गच्याच गटाने दाखवलं की हॉक्ससी-१३ के-३५ आणि के-३२ यांच्या जनुकांसमोर डीएनएवर बसतं आणि त्यांना चालू करतं. उंदरांत हे जनुक प्रमाणाबाहेर चालवूनही पाहिलं गेलं, तरीही केस गेलेच. कमी झालं तरी नुकसान, जास्त झालं तरी नुकसान. इतक्या काटेकोर मापाने हे काम चालतं.

माणसात या ज्ञानाचा उपयोग कुठे होतो ते आता सांगते. २००६ साली पाकिस्तानातल्या एका कुटुंबात के-८५ च्या जनुकातला बदल सापडला. त्या घरातल्या काही माणसांना जन्मापासून केस नव्हते आणि नखं खुरटलेली होती. २०१२ साली अगदी असाच आजार हॉक्ससी-१३ मधल्या बदलाने होतो हे सिद्ध झालं. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरची नव्हे, तर दोन्ही बाराव्याच गुणसूत्रावरची, पण कामाने पूर्ण वेगळी जनुकं. एक तंतू घडवणारं, एक हुकूम देणारं. आणि परिणाम एकच. स्लाइडवर ती रांग पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तळाशी सर्वांत आधी जे चालू व्हायचं तेच अडलं, तर वरचं काहीच घडणार नाही. २०२२ मध्ये चाईच्या काही रुग्णांत के-८२ च्या जनुकात दुर्मीळ बदल सापडले. फक्त क्युटिकलमध्ये असणारं हे केराटिन शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकारशक्तीच्या गोंधळाशी जोडलं जातं, हे आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं.

आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाहून एक मुलगी आली. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आई, वडील आणि आजी सोबत होते. डोक्यावर तुरळक, बोटाएवढेही न वाढलेले, तुटके केस. आजीनेच बोलायला सुरुवात केली: “म्याडम, जावळ काढलं, मग दोनदा गोटा केला, त्याल लावलं, जास्वंद वाटून लावली, तरी केस धरंना झालेत.” आई खाली बघत बसली होती. ती गरोदर असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे तिला घरात, शेजारात ऐकावं लागत होतं.

आमच्यासोबतच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केसांकडे फार वेळ पाहिलं नाही. त्यांनी मुलीचे हात हातात घेतले. दहाही नखं लहान, पातळ, बोटाच्या टोकापर्यंत न पोचलेली. मग विचारलं, “उन्हात खेळल्यावर घाम येतो का हिला? दात वेळेवर आले?” घाम येत होता, दात छान होते. म्हणजे केस आणि नखं एवढ्यापुरताच आजार. शेवटचा प्रश्न नात्याचा. “मामाचीच लेक केली की,” आजी म्हणाली. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न ही किती समाजांत रुळलेली रीत आहे हे सांगायला नको. अशा लग्नात एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते.

तपासणीत वर सांगितलेल्या दोन जनुकांपैकी एकाच्या दोन्ही प्रतींत बदल निघाला. आई-वडिलांत एकेका प्रतीत. म्हणजे दोघंही वाहक, दोघंही निरोगी, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल असं होण्याची शक्यता चारात एक. अहवाल समजावून सांगायला डॉक्टरांनी मलाही बोलावलं. मी लॅपटॉपवर आमच्या स्लाइडचं चित्र दाखवलं, ते जांभळं कडं. सांगितलं की हे चामडीच्या खाली, पार मुळाशी घडतं आणि तुमच्या मुलीत हे पहिलंच पाऊल अडलंय. वस्तऱ्याने वरचा केस कापला जातो, तो निर्जीव असतो; खालच्या पेशींना त्याची खबरही लागत नाही. तेल, जास्वंद, पार्लरमधलं केराटिन, यातलं काहीही तिथवर पोचत नाही. आणि ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा, आईच्या कुठल्याही वागण्याचा याच्याशी संबंध नाही. बदल आई आणि बाप दोघांकडून सारखाच आलाय. आई तेव्हा पहिल्यांदा वर बघून बोलली. तिने विचारलं, “नखं दुखतील का पुढे?” या आजारात मुलीचं बाकी सगळं, वाढ, बुद्धी, आयुष्य, इतर मुलांसारखंच असतं, हे डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं.

आज या आजारावर औषध नाही. म्हणून तपासणीचा काय उपयोग, असं मला अनेकांनी, त्यात काही डॉक्टरांनीही, विचारलं आहे. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्याला चारात एक हा आकडा माहीत असणं, एका बाईवरचा खोटा आरोप उतरणं, आणि एका लहान मुलीच्या डोक्यावरून वस्तरा फिरायचा थांबणं, हा उपयोग मला पुरेसा वाटतो. हे सगळं शक्य झालं त्यामागे कुणा अनोळखी लोकांनी टाकून द्यायची मुळं सही करून आम्हाला दिली, हेही आहे. मेंढीच्या लोकरीपासून हायडलबर्गच्या अंधाऱ्या खोलीतल्या ठिपक्यांपर्यंत ज्यांनी ही रांग मोजली, त्यांच्यासमोर ही मुलगी नव्हती. त्यांनी क्रम नीट लिहून ठेवला म्हणून तिच्या वेळी कुठल्या दोन जनुकांकडे आधी बघायचं हे ठरवता आलं.

वाचणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. केसरोपण किंवा त्वचेची एखादी शस्त्रक्रिया करून घेताना उरलेल्या उतींबद्दल संमतिपत्र पुढे आलं, तर ते वाचा, शंका विचारा, आणि पटलं तर सही करा. आणि घरातल्या किंवा ओळखीतल्या बाळाचे केस जन्मापासून तुटत असतील, उगवतच नसतील, तर पुन्हा गोटा करू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी बाळाची नखं त्यांना आपणहून दाखवा.